पिन बसली तरी चित्र येत नाही: पुण्यातल्या एका घरातल्या वायरींचं प्रकरण

सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीतलं हे प्रकरण. घरात काका-काकू दोघंच, मुलगा बंगळूरला. दिवाळीत मुलाने ५५ इंची फोर-के टीव्ही पाठवला, कंपनीचा माणूस येऊन तो भिंतीवर लावून गेला आणि जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही भंगारवाल्याकडे गेला. त्या टीव्हीबरोबर त्याच्या मागची लाल, पांढरी, पिवळी सॉकेटंही घरातून गेली, हे लगेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. काकांच्या पंचाहत्तरीची तयारी सुरू झाली तेव्हा ते आलं. सगळे जमणार आहेत तर जुनं चित्रीकरण दाखवायचं, असं काकूंनी ठरवलं होतं: १९९४ सालची मुलाची मुंज, २००३ सालचं आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आणि काकांच्या बहिणीने न्यू जर्सीहून त्या काळात पाठवलेल्या कॅसेट.

माळ्यावरून व्हीसीआर खाली आला. काकूंच्या भावाने दुबईहून आणलेला, जड, पण चालू. हँडीकॅमही सापडला, चार्जरसकट. एवढं मिळाल्यावर आता फक्त वायरी आणायच्या, असं वाटणं साहजिक होतं. काका तपकीर गल्लीत जाऊन आले, मुलाने ऑनलाइन काही मागवलं, शेजारच्यांनीही एक-दोन वस्तू दिल्या. मला त्यांनी बोलावलं तेव्हा टीपॉयवर ही सगळी पिशवी रिकामी करून ठेवलेली होती.

तिच्यात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी अशा तीन पिना असलेली साधी वायर होती. "एचडीएमआय टू एव्ही" लिहिलेली छोटी पांढरी डबी होती. एका टोकाला हँडीकॅमची चिमुकली फायरवायर पिन आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी, अशी एक वायर होती. एका पिनेचे दोन फाटे करणारा एचडीएमआय स्प्लिटर, यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर, साडेतीन मिलिमीटरच्या जॅकची एव्ही वायर आणि सोन्याच्या मुलाम्याची, जाड विणीची, सगळ्यांत महाग एचडीएमआय केबल. यातली प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे बसत होती. चित्र एकीनेही येत नव्हतं. काका म्हणाले, "अरे, पिन तर नीट बसतेय. मग अडतंय कुठे?"

घरगुती व्हिडिओच्या जोडण्यांमधला जवळजवळ प्रत्येक चुकलेला खर्च याच प्रश्नापाशी होतो. पिनेचा आकार म्हणजे फक्त दाराची चौकट. आत कोणता सिग्नल आहे, तो कोणत्या दिशेने चाललाय आणि त्याला वाटेत वीज लागते का, यातलं काहीही आकारावरून कळत नाही. म्हणून मी आधी सगळ्या वायरी बाजूला ठेवायला सांगितल्या. टॉर्च घेऊन प्रत्येक यंत्राची मागची बाजू बघितली, मोबाइलवर फोटो काढले आणि काकूंनी एका कागदावर यंत्रागणिक एक ओळ लिहिली. दुकानात नेण्यासारखी वस्तू म्हणजे हा कागद.

कागदावर आलं ते असं. टीव्हीला तीन एचडीएमआय, त्यातल्या एकावर एआरसी लिहिलेलं, एक ऑप्टिकल, दोन यूएसबी, अँटेनाचं सॉकेट आणि "एव्ही इन" लिहिलेलं एक बारीक गोल भोक. व्हीसीआरला पिवळं आणि पांढरं सॉकेट, इन आणि आउटची वेगवेगळी जोडी, शिवाय आरएफ आउट. हँडीकॅमला एक एव्ही जॅक, एक चिमुकलं डीव्ही सॉकेट, एक यूएसबी. सेट टॉप बॉक्सला तीन रंगांची एव्ही आणि एचडीएमआय, दोन्ही. साउंडबारला एचडीएमआय आणि ऑप्टिकल. लॅपटॉपला एक यूएसबी-सी आणि बाजूला एचडीएमआय.

व्हीसीआर

पिवळ्या पिनेतून जो सिग्नल येतो त्याला कॉम्पोझिट व्हिडिओ म्हणतात. चित्राचा उजेड-अंधार आणि रंग, दोन्ही एकाच तारेतून, अ‍ॅनालॉग लहरीच्या रूपात. आपल्याकडची पद्धत पाल: चित्राच्या ६२५ ओळी, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या, सेकंदाला २५ चित्रं. एचडीएमआयमध्ये यातलं काहीच नसतं. तिच्या १९ पिनांमधून अंकांच्या रूपातला सिग्नल प्रचंड वेगाने जातो आणि दोन्ही बाजूंची यंत्रं आधी एकमेकांशी बोलून कोणतं चित्र पाठवायचं ते ठरवतात. अ‍ॅनालॉग लहरीचे अंक करायला मधे एक चिप लागते आणि चिपला वीज लागते. म्हणून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना असलेली, मधे काहीच नसलेली वायर या कामाला कधीच चालणार नाही. ती खराब नव्हती, तिच्यात काही बिघडलेलं नव्हतं. तिच्या हातून हे काम होण्यासारखंच नव्हतं. बाजारात ती सर्रास मिळते आणि माझ्या मते ती विकूच नये.

पांढऱ्या डबीत चिप होती, पण दिशा उलटी. "एचडीएमआय टू एव्ही" म्हणजे नवीन यंत्राचं चित्र जुन्या टीव्हीवर आणणारी. इथे गरज होती "एव्ही टू एचडीएमआय"ची. दोन्ही डब्या दिसायला सारख्या, सॉकेटंही तीच, फक्त आतलं काम वेगळं. डबी हातात घेतल्यावर इनपुट कुठे लिहिलंय आणि आउटपुट कुठे, एवढं वाचलं तरी ही चूक टळते. दुकानदाराला "एव्ही-एचडीएमआय कन्व्हर्टर" एवढंच सांगितलं तर तो जे जास्त खपतं ते देतो. सांगायचं असं: "व्हीसीआरमधून पिवळी वायर निघते आणि टीव्हीत एचडीएमआय आत जाते, ते करणारी डबी द्या."

तरीही मी काकांना डबी बदलून आणायला लगेच पाठवलं नाही, कारण टीव्हीला "एव्ही इन"चं ते बारीक भोक होतं. अलीकडच्या पातळ टीव्हींमध्ये मोठी तीन सॉकेटं बसत नाहीत म्हणून कंपन्या ती एका साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये कोंबतात. जॅकवर तीन काळ्या रेघा आणि त्यामुळे चार पट्ट्या: डावा आवाज, उजवा आवाज, चित्र आणि ग्राउंड. टीव्हीच्या खोक्यात त्यासाठी एक छोटी वायर बहुतेकदा येते. या घरात ती थर्मोकोलबरोबर गेली असावी.

सोय असेल तिथे व्हीसीआर थेट या भोकात लावावा, डबीतून नव्हे, हे मी आग्रहाने सांगतो. स्वस्त कन्व्हर्टर आपल्या २५ चित्रांच्या, म्हणजे ५० अर्ध्या चित्रांच्या, सिग्नलचं बहुतेकदा ६० च्या गतीत रूपांतर करतो. त्याने चालणारी माणसं, फिरणारा कॅमेरा, सगळं बारीक हिसके देत सरकतं. शिवाय चार-तीन आकाराचं जुनं चित्र तो रुंद पडदाभर ताणतो आणि एचडीएमआयवरून आलेलं ताणलेलं चित्र परत आवळण्याची सोय प्रत्येक टीव्हीत असतेच असं नाही. आजी-आजोबांचे चेहरे पसरट दिसतात आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगताही येत नाही. टीव्हीच्या स्वतःच्या एव्ही सॉकेटला पाल पद्धत समजते, गती तशीच राहते आणि रिमोटवरून चित्राचा आकार चार-तीन करता येतो. तिसरी गोष्ट म्हणजे एक एचडीएमआय सॉकेट वाचतं. तीनच सॉकेटं असलेल्या टीव्हीला ते वाचवणं मोलाचं.

पिशवीत साडेतीन मिलिमीटरच्या जॅकची वायर होतीच. ती लावली तर पडदा काळा आणि स्पीकरमधून कर्कश घरघर. काका वायर काढायला धावले, पण ती घरघर हीच खूण होती. चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने गेला की अशीच घरघर येते. म्हणजे व्हीसीआर चालू होता, सिग्नल टीव्हीपर्यंत पोचत होता, फक्त चुकीच्या पट्टीवर उतरत होता.

या चार पट्ट्यांपैकी कुठली कशासाठी, याचं सर्वांनी पाळलेलं एकच प्रमाण नाही. हँडीकॅमच्या वायरीत एक क्रम, टीव्हीच्या वायरीत दुसरा, त्यातही कंपनीगणिक फरक. वायर आणि जॅक दिसायला हुबेहूब असतात, त्यामुळे डोळ्यांनी काहीच कळत नाही. मल्टिमीटरने कळतं. तीनही पिनांची बाहेरची धातूची कडा ग्राउंडला जोडलेली असते. ती जॅकच्या कोणत्या पट्टीशी वाजते ते आधी बघायचं. मग पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनेचा मधला काटा कोणत्या पट्टीवर येतो ते टिपायचं. टीव्हीचा क्रम त्याच्या माहितीपुस्तिकेत कधी मिळतो, कधी नाही. ग्राउंडची पट्टी दोघांची एकच असेल आणि फक्त बाकीच्या तिघांची अदलाबदल झालेली असेल, तर नवी वायर आणायचीही गरज नसते: व्हीसीआरच्या पिवळ्या सॉकेटात वायरीची लाल किंवा पांढरी पिन लावून बघायची. रंग हे फक्त प्लास्टिकचे, आतली तार सारखीच असते. ग्राउंडच वेगळ्या पट्टीवर असेल तर मात्र कितीही अदलाबदल करा, चित्र येणार नाही.

इथे ग्राउंड जुळलं. लाल पिन पिवळ्या सॉकेटात गेली आणि पडद्यावर आधी निळं, मग थोडं फाटलेलं, मग ट्रॅकिंगचं बटण फिरवल्यावर स्थिर चित्र आलं. मुंजीचा मांडव, मागे सनईची कॅसेट, मातृभोजनाच्या ताटापाशी बसलेली आजी. काकूंनी त्या वायरीच्या लाल पिनेवर पांढरा कागद चिकटवून "चित्र" लिहून टाकलं, ते सगळ्यात चांगलं झालं. उद्या दुसरं कुणी लावायला बसलं तर रंग बघून फसणार नाही.

"एवढा मोठा टीव्ही, पण चित्र धुरकटच," काका म्हणाले. ते खरं होतं आणि त्यावर वायरीचा इलाज नाही. व्हीएचएस कॅसेटमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० ओळींइतका बारकावा साठतो. ५५ इंची पडद्यावर तो विरळ होणारच. सोन्याच्या मुलाम्याच्या पिनेने त्यात केसभरही भर पडत नाही. थोडं लांब बसावं, टीव्हीतली धार वाढवणारी शार्पनेसची सेटिंग उलट कमी करावी, म्हणजे कॅसेटवरचा खरखरीतपणा कमी टोचतो.

कुणाच्या टीव्हीला एव्हीचं भोकच नसेल तर डबी घ्यावीच लागते. तेव्हा तिला यूएसबीची वीज द्यायला विसरू नये. एचडीएमआयच्या तारेतून येणारी वीज नावापुरती असते, ५ व्होल्टवर ५५ मिलिअँपिअरची तेवढी हमी. डबीला ती पुरत नाही. टीव्हीचं यूएसबी सॉकेट किंवा मोबाइलचा चार्जर चालतो. "डबी खराब निघाली" म्हणून परत केलेल्या कितीतरी डब्या फक्त उपाशी असतात.

न्यू जर्सीच्या कॅसेट

मुंज दिसली म्हटल्यावर आत्याची कॅसेट लावली. आवाज आला, चित्र काळं-पांढरं आणि वरखाली सरकणारं. काकूंना वाटलं कॅसेट खराब झाली. कॅसेट उत्तम होती. ती अमेरिकन होती.

अमेरिकेची पद्धत एनटीएससी: ५२५ ओळी, सेकंदाला जवळपास ३० चित्रं, आणि रंग वाहून नेणारी लहर ३.५८ मेगाहर्ट्झची. आपल्या पालमध्ये हीच लहर ४.४३ मेगाहर्ट्झची. कॅसेटचं प्लास्टिक मात्र जगभर तेच, त्यामुळे ती कुठल्याही व्हीसीआरमध्ये जाते. पिनेच्या आकाराचीच ही गोष्ट, फक्त पिनेऐवजी कॅसेट. त्या काळात परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेल्या कितीतरी कॅसेट महाराष्ट्रातल्या घरांमध्ये एकदाही नीट बघितल्या गेल्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. "लागत नाही" म्हणून त्या बाजूला पडल्या, आणि पाठवणाऱ्याला तसं कळवणंही बरं वाटेना.

इथे नशीब दुबईचं. आखाती देशांत वेगवेगळ्या देशांतली माणसं राहायची, त्यामुळे तिथल्या दुकानांत मल्टिसिस्टीम यंत्रं पुष्कळ मिळायची. काकूंच्या भावाने आणलेला व्हीसीआर तसाच होता. मागच्या बाजूला, धुळीखाली, एक सरकतं बटण: पाल, एनटीएससी ३.५८, एनटीएससी ४.४३. ते इतकी वर्षं पालवरच होतं. ३.५८ वर सरकवलं, टीव्हीच्या मेनूत एव्हीची कलर सिस्टीम ऑटो केली आणि रंग आला. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हे चित्र कदाचित तरीही सरकत राहिलं असतं, कारण पाल-पुरत्या जुन्या टीव्हींना ६० ची गती पेलायची नाही. नव्या टीव्हीला ती पेलते. म्हणजे या एका बाबतीत नवा टीव्हीच जुन्या कॅसेटच्या कामी आला.

ज्यांचा व्हीसीआर फक्त पाल आहे त्यांना कोणतीही वायर, कोणताही कन्व्हर्टर यात मदत करू शकत नाही. कॅसेट वाचणारं यंत्रच वेगळं लागतं. त्यावर पैसे घालवण्याआधी कॅसेटच्या पाकिटावरचा टपाल शिक्का किंवा "टी-१२०" असा शिक्का बघावा. अमेरिकन कॅसेटवर लांबी टी ने लिहितात, पालच्या कॅसेटवर ई ने, जसं ई-१८०. कोऱ्या कॅसेट इकडच्या तिकडे जायच्या म्हणून ही खूण शंभर टक्के पक्की नाही, पण सुरुवात करायला पुरते.

आत्याच्या कॅसेटपैकी एक मी लावू दिली नाही. झाकणाच्या काचेतून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. आपल्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटना ती धरतेच. अशी फीत व्हीसीआरमध्ये घातली तर फीत वाचणारं हेड घाण होतं, फीत फाटू शकते आणि बुरशी पुढच्या कॅसेटवर जाते. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. आता चालू हेड असलेला प्रत्येक व्हीसीआर सांभाळून वापरण्यासारखा आहे. ती कॅसेट सफाई करून देणाऱ्या माणसाकडे पाठवायची, असं ठरलं.

हँडीकॅम

सहस्रचंद्रदर्शनाचं चित्रीकरण मिनी-डीव्ही कॅसेटवर होतं. ही कॅसेट दिसते लहानशी, पण आतला माल डिजिटल: चित्र चित्रीकरणाच्या वेळीच अंकांत बदललेलं असतं. ते टीव्हीवर बघायचं एवढंच असेल तर हँडीकॅमच्या एव्ही जॅकमधून तीन रंगांची वायर काढून काम भागतं. पण जतन करायचं असेल तर तसं करणं म्हणजे चांगल्या अंकांची पुन्हा अ‍ॅनालॉग लहर करणं आणि तिचे परत अंक करणं, दोन्ही वेळा थोडं गमावून. जतनाची खरी वाट त्या चिमुकल्या डीव्ही सॉकेटातून, ज्याला फायरवायर किंवा आय-लिंक म्हणतात. तिथून कॅसेटवरचे अंक जसेच्या तसे संगणकात येतात, तासाला सुमारे १३ जीबी.

मुलाने ऑनलाइन मागवलेली फायरवायर-यूएसबी वायर यासाठीच होती. ती चालत नाही. फायरवायर आणि यूएसबी या दोन वेगळ्या भाषा आहेत आणि या वायरीत दुभाष्या नाही, नुसत्या तारा एकमेकींना जोडलेल्या. हँडीकॅमच्या ४ पिनांच्या सॉकेटातून निदान वीज येत नाही. ६ पिनांच्या फायरवायरमधून ३० व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते. ती यूएसबीत गेली तर लॅपटॉपचं सॉकेट जळू शकतं. ही वायर वापरून बघायची म्हणूनही बघू नये. हँडीकॅमला स्वतःचं यूएसबी सॉकेट असतं त्याचाही उपयोग नाही: त्या काळच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ते मेमरी कार्डावरचे फोटो उतरवण्यापुरतं किंवा वेबकॅमसारखं छोटं चित्र देण्यापुरतं असायचं.

लागतो तो खरा फायरवायर पोर्ट. तो जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर किंवा आत बसवायच्या कार्डवर मिळतो. काकांच्या बँकेतल्या एका मित्राकडे असा जुना डेस्कटॉप पडून होता. ४ पिना ते ६ पिनांची साधी फायरवायर केबल आणली, ती चालली, कारण तिच्या दोन्ही टोकांना एकच भाषा आहे.

आणि मग या प्रकरणातली सगळ्यात आनंदाची गोष्ट निघाली. हँडीकॅमच्या एव्ही जॅकजवळ नुसतं "आउट" नव्हतं, "इन-आउट" होतं, आणि मेनूत एव्हीकडून डीव्ही आउटकडे अशी एक सोय होती. म्हणजे व्हीसीआरची पिवळी-पांढरी वायर हँडीकॅममध्ये घातली की हँडीकॅम तिचे अंक करून फायरवायरमधून संगणकाकडे देणार. मुंजीच्या व्हीएचएस कॅसेटसाठी वेगळं यूएसबी कॅप्चर यंत्र, म्हणजे अ‍ॅनालॉग चित्राचे अंक करून यूएसबीतून संगणकाला देणारी डबी, घ्यायची गरजच उरली नाही. ही सोय सगळ्या हँडीकॅममध्ये नसते, पण ज्यांच्याकडे हँडीकॅम पडून आहे त्यांनी जॅकजवळचे शब्द वाचून बघावेत. काम उत्तम होतं, कारण जुन्या कॅसेटचं थरथरतं चित्र हँडीकॅम स्वस्त कॅप्चर यंत्रापेक्षा बऱ्याचदा जास्त समजुतीने घेतो.

आत्याच्या कॅसेटना मात्र ही वाट बंद. हँडीकॅम पालचा आहे, त्याला अमेरिकन सिग्नल घेता येत नाही. त्यांच्यासाठी यूएसबी कॅप्चर यंत्र घेतलं: व्हीसीआरचं बटण ३.५८ वर, सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी आणि चित्राचा आकार ७२० गुणिले ४८०. पालसाठी हाच आकडा ७२० गुणिले ५७६ असतो. तो चुकला तर फाइल बनते, पण चित्र दबलेलं राहतं.

सेट टॉप बॉक्स आणि भिंतीतली केबल

ही तक्रार कुणी केलीच नव्हती. व्हीसीआर काढून बॉक्स परत लावला, टीव्हीवर मालिका सुरू झाली आणि चित्र मला व्हीसीआरइतकंच मऊ वाटलं. केबलवाल्याने बॉक्स स्वतःकडच्या एव्ही वायरीने टीव्हीच्या त्याच बारीक भोकात लावून दिला होता, पूर्वीच्या टीव्हीला होता तसाच एव्हीवर. काकू एचडी वाहिन्यांचे पैसे भरत होत्या. पिवळ्या वायरीतून ५७६ ओळींपलीकडे काही जाऊच शकत नाही. १०८० ओळींचं चित्र बॉक्समध्येच कापलं जात होतं. पुण्यात केबल २०१३ साली डिजिटल झाली, पण बॉक्स ते टीव्ही हा शेवटचा हातभर रस्ता अजूनही असंख्य घरांत पिवळा आहे. एचडीएमआय केबल लावली, बॉक्सच्या मेनूत आउटपुट १०८०आय केलं. खर्च काहीच नाही, आणि पूर्ण प्रकरणात रोजच्या वापराला सगळ्यात मोठा फरक याच केबलने पडला.

ती केबल कुठून आली? सुतार पॅनेलच्या मागून एक पाच मीटरची एचडीएमआय केबल आधीच ओढून गेला होता, नाव-गाव नसलेली. फोर-के चित्रावर ती मधूनच काळोख करायची, म्हणून काकांनी ती वाईट समजून महागडी सोनेरी केबल आणली होती. हिशेब असा आहे: सेट टॉप बॉक्सचं १०८०आय चित्र सेकंदाला सुमारे सव्वादोन गिगाबिट मागतं, तर फोर-के ६० च्या गतीने जवळपास १८ गिगाबिट. पहिलं ओझं ती केबल सहज उचलते, दुसऱ्याला दमते. म्हणून ती बॉक्सला दिली. पॅनेलही फोडावं लागलं नाही. फोडायची वेळ आली असती तर वेगळीच अडचण होती: भिंतीतला पाइप २० मिलिमीटरचा, आणि एचडीएमआयची पिन त्याच्या आतून जात नाही. घराचं काम चालू असतानाच मोठा पाइप टाकून घ्यावा, हे इलेक्ट्रिशियनला आपणच सांगावं लागतं.

सोनेरी केबल परत गेली. अंकांचा सिग्नल एकतर पूर्ण पोचतो, नाहीतर चमकारे, ठिपके, काळोख दाखवतो. सोन्याने रंग गडद होत नाहीत. केबल घेताना पाकिटावर "प्रीमियम हाय स्पीड" किंवा "अल्ट्रा हाय स्पीड" हे शब्द आणि स्कॅन करता येणारं प्रमाणपत्राचं लेबल बघावं. पहिली १८ गिगाबिटसाठी, दुसरी ४८ साठी. "२.१ केबल" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं त्याला अर्थ नाही, तो क्रमांक यंत्रांच्या क्षमतेचा आहे, केबलच्या दर्जाचा नव्हे. या घराला १८ वाली दोन मीटरची पुरली.

साउंडबार लवकर मार्गी लागला. तो टीव्हीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या एचडीएमआयला लावलेला होता, एआरसी लिहिलेल्या सॉकेटाला नव्हे. टीव्हीचा आवाज उलट्या दिशेने बाहेर फक्त त्या एकाच सॉकेटातून येतो. शिवाय मेनूत सीईसी, म्हणजे एचडीएमआयमधून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करावं लागतं, आणि प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते: एनीनेट, सिंपलिंक, ब्राव्हिया सिंक. दोन्ही केलं, आवाज आला, रिमोटही एकच पुरला. ऑप्टिकल केबलही चालली असती, पण मग तिच्या टोकांवरची प्लास्टिकची बारीक टोपी काढायची लक्षात ठेवावी लागते.

स्प्लिटर परत. एका यंत्राचं चित्र दोन टीव्हींवर न्यायचं असेल तर स्प्लिटर. तीन यंत्रं एका टीव्हीला लावायची असतील तर स्विच. दुकानात दोन्ही एकाच खणात असतात. इथे एव्हीचं भोक वापरल्यामुळे दोन्हींची गरज पडली नाही. लॅपटॉपचा यूएसबी-सी पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचा होता. त्याच्याजवळ डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा विजेची खूण नव्हती, कंपनीच्या माहितीतही चित्राचा उल्लेख नव्हता; त्यामुळे अडॅप्टर कितीही चांगला असता तरी त्यातून चित्र येणार नव्हतं. बाजूला एचडीएमआय असताना त्याच्या मागे लागायचं कारणही नव्हतं. तोही परत.

पिशवीतल्या सात वस्तूंपैकी घरात राहिली ती साडेतीन मिलिमीटरच्या जॅकची वायर. नव्याने घेतलं ते फायरवायर केबल, यूएसबी कॅप्चर यंत्र आणि एचडीएमआय केबल. तीन रंगांची बिनचिपची वायर दुकानदाराने परत घेतली नाही.

पंचाहत्तरीला मुंज आणि सहस्रचंद्रदर्शन दोन्ही दाखवलं, कॅसेटवरून नव्हे तर पेनड्राइव्हवरून, टीव्हीच्या यूएसबीत लावून. एक प्रत बंगळूरला गेली, एक न्यू जर्सीला. आत्याने तिकडून कळवलं की तिच्याकडे आणखी दोन कॅसेट आहेत, इकडून पाठवलेल्या, म्हणजे पालच्या, आणि तिच्या यंत्रावर त्या लागत नाहीत. येत्या डिसेंबरात ती येईल तेव्हा त्या हातसामानातून आणायच्या आहेत. बुरशीची कॅसेट अजून सफाईवाल्याकडेच आहे.